आधी निदान, मग दुरुस्ती : गिरगावातील एका सिंथेसायझर कार्यशाळेचे परीक्षण

जुना ॲनालॉग सिंथेसायझर (विजेच्या सर्किटांतून सूर निर्माण करणारे पट्ट्यांचे वाद्य) दुरुस्त करून देणारी माणसे मुंबईत मोजकीच उरली आहेत, आणि त्यांतही नेमका कोणता भाग बिघडला आहे हे आधी सिद्ध करून मगच सोल्डरिंग आयर्न हातात घेणारी माणसे फारच थोडी. गिरगावात, ठाकूरद्वारच्या नाक्यापासून थोड्याच अंतरावर, एका जुन्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर अशी एक कार्यशाळा आहे. ती चालवणाऱ्या गृहस्थांना येणारे सगळेच वादक ‘काका’ म्हणतात. ते एकटेच काम करतात, झेपेल तेवढेच काम हाती घेतात, आणि गर्दी वाढू नये म्हणून आपले नाव व पत्ता कोठेही छापू नये अशी त्यांची विनंती आहे. ती मी येथे पाळतो आहे; वादकांच्या आणि ध्वनिमुद्रकांच्या वर्तुळात चौकशी केली तर ते सापडतात. माझा रोलँड ज्युनो-१०६ त्यांनी दुरुस्त केला, त्या कामाचे हे परीक्षण आहे.

ज्युनो-१०६ हे वाद्य १९८४ साली बाजारात आले. त्यात एका वेळी सहा सूर वाजतात, म्हणजे आत सहा स्वतंत्र ‘व्हॉइस’ असतात, आणि प्रत्येक व्हॉइसचा फिल्टर (सुराचा उजळपणा ठरवणारा भाग) व आवाजाची पातळी सांभाळणारा भाग ८००१७ए या क्रमांकाच्या, पाटीवर (सर्किट बोर्डवर) उभ्या बसवलेल्या एकेका चिपमध्ये असतो. या चिपवर काळ्या राळेचा लेप दिलेला आहे. वर्षे उलटली की त्या लेपाचे विद्युतरोधन कमी होते, आत नको तेथे सूक्ष्म प्रवाह झिरपू लागतो, आणि मग तो व्हॉइस तडतडतो, अडकून सतत वाजत राहतो किंवा मुका होतो. जगभरातल्या ज्युनो-१०६ धारकांना हा दोष तोंडपाठ आहे, आणि नेमकी हीच गोष्ट दुरुस्तीच्या मुळावर येते. दोष इतका प्रसिद्ध आहे की वाद्य उघडण्याआधीच चिपला दोषी ठरवले जाते.

माझ्या वाद्यात तीन तक्रारी होत्या. एक व्हॉइस पट्टी दाबलेली नसतानाही तडतडत असे, एक पूर्ण गप्प होता, आणि एक वाजत असे पण इतका क्षीण की जोरकस स्वरसमूहात तो सूर गळाल्यासारखा वाटे. काकांकडे जाण्यापूर्वी हे वाद्य शहरातल्या दुसऱ्या एका दुकानात दिले होते. तेथे त्यांनी आतले जवळजवळ सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) बदलले, त्याचे बिल घेतले, आणि तडतड तशीच राहिल्याचे दाखवल्यावर ‘सहाही चिपा गेल्या आहेत, सगळ्या बाहेरून मागवाव्या लागतील’ असे सांगितले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो प्रकार होता. तिसरी तक्रार, म्हणजे तो क्षीण व्हॉइस, त्या दुकानातून परत आल्यानंतरच सुरू झाली हे येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढे त्याचाच उलगडा सर्वांत महत्त्वाचा ठरला.

काकांच्या कामाचा क्रम मी बारकाईने पाहिला, कारण ते वाद्याच्या मालकाला शेजारी बसू देतात. इतरत्र ही सवलत क्वचितच मिळते. झाकण उघडण्याआधी त्यांनी मागच्या बाजूला लिहिलेला व्होल्टेजचा आकडा वाचला. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेली वाद्ये १०० व्होल्टवर चालतात, आणि तिकडून कोणी सामानातून आणलेले असे वाद्य स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टला जोडले गेले तर पुढचे निदान करण्याचे कारणच उरत नाही. माझे वाद्य २२०-२४० व्होल्टचे निघाले. त्यानंतर त्यांनी मला विचारले की आत साठवलेले पॅच, म्हणजे तयार करून ठेवलेले आवाज, हवे आहेत का.

हा प्रश्न किती दुकाने विचारतात हे प्रत्येक वाचकाने स्वतःच्या अनुभवावरून ठरवावे. ज्युनो-१०६ मध्ये १२८ पॅच राहतात आणि ते पाटीवर थेट सोल्डर केलेल्या ३ व्होल्टच्या लिथियम सेलच्या आधारावर जिवंत असतात. तो सेल काढला की सगळे पॅच जातात. माझ्या वाद्याच्या आधीच्या मालकाने ऑर्केस्ट्रासाठी बनवलेले कित्येक आवाज त्यात होते आणि त्यांची नोंद दुसरीकडे कोठेही नव्हती. या वाद्याला मागे कॅसेट रेकॉर्डर जोडण्याची सोय आहे. काकांनी त्या सॉकेटमधून येणारा संकेत कॅसेटऐवजी संगणकावर मुद्रित केला, तो परत वाद्याला ऐकवून ‘व्हेरिफाय’ने जुळवून पाहिला, आणि मगच सेल काढून तेथे बदलता येण्याजोगा होल्डर बसवला. पुढच्या वेळी सेल बदलण्यासाठी कोणाकडे जाण्याची गरज नाही.

मग वीजपुरवठा. अधिक १५, उणे १५ आणि अधिक ५ व्होल्ट हे तिन्ही पुरवठे त्यांनी वाद्य चालू स्थितीत, भार असताना मोजले. मल्टीमीटरवर आकडा बरोबर आला म्हणून ते थांबले नाहीत. ऑसिलोस्कोपवर (विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) त्यांनी प्रत्येक पुरवठ्यावरचा तरंग, म्हणजे व्होल्टेजमधला उरलेला चढउतार, पाहिला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे रेक्टिफायरनंतर उरणारा तरंग १०० हर्ट्झचा असतो, आणि फिल्टर कपॅसिटर सुकले असतील तर तो तेथे ठळक दिसतो. येथे तो जवळजवळ दिसलाच नाही. आधीच्या दुकानाने पुरवठ्यातले कपॅसिटर योग्य किमतीचे आणि योग्य दिशेने बसवले आहेत, हे काकांनी स्वतःहून सांगितले आणि अहवालात लिहिलेही. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या एका रेग्युलेटरच्या पायाशी मात्र ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, होते. भिंगाखाली पाहिल्यावर पायाभोवती केसासारखी गोल भेग दिसत होती. ती जागा त्यांनी जुने कथील काढून नव्याने सोल्डर केली.

यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘की ट्रान्सपोज’ बटण दाबून धरून ज्युनो-१०६ चालू केला की तो चाचणीच्या अवस्थेत जातो, आणि मग दाबलेली पट्टी कोणत्या व्हॉइसवर वाजते आहे त्याचा क्रमांक पडद्यावर दिसतो. काकांनी एकेक पट्टी दाबत कागदावर सहा रकाने भरले. चौथ्यात तडतड, सहावा गप्प, दुसरा क्षीण, बाकी तीन स्वच्छ. जो वादक वर्षानुवर्षे हे वाद्य वाजवतो त्यालाही हे कानाने ओळखणे कठीण असते, कारण व्हॉइस आळीपाळीने वाटले जातात आणि दोष दर खेपेला वेगळ्या पट्टीवर उमटल्यासारखा भासतो.

रकाने भरल्यावर चिपला हात न लावता त्यांनी मागून पुढे माग काढला. सुराची मूळ लहर एमसी५५३४ए या चिपमधून येते. अशा तीन चिपा असतात आणि प्रत्येक चिप दोन व्हॉइस सांभाळते, त्यामुळे दोन व्हॉइस जोडीने गेले असतील तर संशय प्रथम तिच्यावर घ्यावा, असा त्यांचा आडाखा आहे. ऑसिलोस्कोपवर सहाव्या आणि चौथ्या व्हॉइसकडे जाणारी लहर स्पष्ट दिसत होती. म्हणजे उगम ठीक होता. मग त्यांनी ८००१७एला मिळणारे नियंत्रक व्होल्टेज पाहिले. पट्टी दाबल्यावर ते चढते आणि सोडल्यावर उतरते; निरोगी व्हॉइसवर ते कसे चढते-उतरते हे आधी पाहून त्याच्याशी ताडून पाहायचे. सहाव्या आणि चौथ्या व्हॉइसला लहरही मिळत होती आणि नियंत्रणही मिळत होते, तरी बाहेर एकाकडून काहीच येत नव्हते व दुसऱ्याकडून तडतड येत होती. तेव्हा या दोन चिपा दोषी हे सिद्ध झाले.

दुसऱ्या व्हॉइसची गोष्ट निराळी निघाली. त्याला लहर व्यवस्थित मिळत होती, पण पातळीचे नियंत्रक व्होल्टेज पट्टी दाबल्यावर जेमतेम हलत होते. या वाद्यात एकच डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक सर्व व्हॉइसची नियंत्रक व्होल्टेजेस एकामागून एक तयार करतो, ४०५१ जातीचे मल्टिप्लेक्सर ती योग्य व्हॉइसकडे वळवतात, आणि एक छोटा कपॅसिटर पुढची फेरी येईपर्यंत ती धरून ठेवतो. काकांनी चिपकडून उलट दिशेने जात प्रत्येक टप्प्यावर व्होल्टेज पाहिले. मल्टिप्लेक्सरच्या बाजूला ते पूर्ण होते आणि चिपच्या बाजूला नव्हते. मधल्या वाटेवर, आधीच्या दुकानात बदललेल्या एका कपॅसिटरच्या पायाखाली, अति उष्णतेने तांब्याचा पॅड उचकटला होता आणि त्याच्या शेजारून जाणारा ट्रॅक तुटला होता. वरून कथिलाचा गुळगुळीत थर दिसत असल्यामुळे तो नुसत्या डोळ्यांना कळत नव्हता. काकांनी सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवले, भिंगाचा दिवा खाली ओढला, दाभणाच्या टोकाने तो पॅड अलगद उचलला आणि मला पाहायला बोलावले. खाली हिरव्या पाटीवर तांब्याची दोन टोके समोरासमोर होती आणि मधे नखाच्या टोकाएवढी फट. बारीक वायरचा एक तुकडा जोडून दुसरा व्हॉइस पूर्ण ताकदीने वाजू लागला. त्या व्हॉइसची चिप निर्दोष होती. ती बदलली असती तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती, आणि नवीन चिप घालूनही तो सूर क्षीणच राहिला असता.

सहा चिपांच्या जागी दोनच चिपा बदलाव्या लागल्या, हा पैशाचा मोठा फरक आहे. ८००१७ए आता मूळ स्वरूपात नव्याने बनत नाही. परदेशात काही लहान उत्पादक तिची प्रतिकृती बनवतात, आणि त्या येईपर्यंत कुरियर, सीमाशुल्क व वाट पाहणे हे तिन्ही सोसावे लागते. प्रतिकृती बसवताना काकांनी दोन्ही जागी सॉकेट लावले. त्यानंतर त्या व्हॉइसचे ट्रिमर (जुळवणीचे छोटे स्क्रू) जुळवले. रेझोनन्स (फिल्टरच्या सीमेवरचा सूर ठळक करणारी मात्रा) इतका चढवायचा की फिल्टर आपला आपण शिट्टीसारखा वाजू लागतो, मग त्या शिट्टीची वारंवारता मोजून ती शेजारच्या व्हॉइसशी मिळवायची, आणि शेवटी आवाजाची पातळी. हे जुळवणे नीट झाले नाही तर वादकाला एक व्हॉइस उजळ आणि दुसरा मंद ऐकू येतो, आणि दुरुस्ती होऊनही वाद्य बेसूर नसले तरी विस्कळीत वाटते. माझ्या कानाला प्रतिकृती आणि मूळ चिपा यांतला फरक फक्त रेझोनन्स अगदी टोकाला नेल्यावर जाणवतो.

काढलेल्या दोन्ही जुन्या चिपा काकांनी झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवल्या. काही दिवसांत राळ मऊ होऊन सुटते आणि आतली पाटी उघडी पडते; लेप गेला की झिरपणारा प्रवाहही बरेचदा थांबतो. चौथ्या व्हॉइसची चिप अशी जिवंत झाली आणि ती आता माझ्याकडे सुटी राखीव आहे. सहाव्याची झाली नाही. ॲसिटोन चटकन पेट घेते आणि त्याची वाफ डोक्यात चढते, म्हणून हा प्रयोग बंद खोलीत किंवा स्वयंपाकघरात कोणीही करू नये, हे काकांनी मला सांगितले आणि मीही येथे आवर्जून सांगतो.

उरलेल्या चार मूळ चिपांना त्यांनी हात लावला नाही. यावर माझे मत थोडे वेगळे आहे. चाळीस वर्षांच्या चांगल्या चिपेला डी-सोल्डर करण्याची उष्णता सोसायला लावणे हा धोकाच आहे, हा त्यांचा मुद्दा मला पटतो, आणि वाद्य घरी किंवा स्टुडिओत राहणार असेल तर हाच मार्ग योग्य. परंतु जो वादक हे वाद्य गाडीत घालून राज्यभर कार्यक्रमांना नेतो, त्याने सहाही व्हॉइसचे काम एकदाच करून घ्यावे असे मला वाटते. रंगमंचावर ऐन गाण्यात पाचवा व्हॉइस तडतडू लागला तर सुटी चिप खिशात असून उपयोग नाही.

दोष आणि स्वभाव यांतला फरक सांगणे हेही चांगल्या तंत्रज्ञाचे काम असते. ज्युनोचा कोरस (आवाज दाट करणारा परिणाम) चालू केला की मागे एक सुसकारा ऐकू येतो, आणि मी तोही तक्रारीत लिहिला होता. तो कोरस एमएन३००९ या क्रमांकाच्या दोन बकेट-ब्रिगेड (आवाज क्षणभर उशिराने पुढे देणाऱ्या) चिपांवर चालतो, त्या जातीच्या चिपांना मुळातच एवढा आवाज असतो, आणि दोन्ही वाहिन्यांवर तो सारखाच आहे, हे काकांनी ऐकवून व मोजून दाखवले आणि त्या कामाचे पैसे लावण्यास नकार दिला.

लॅमिंग्टन रोडचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण कार्यशाळेचा निम्मा माल तिथून येतो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्या रस्त्याचे अधिकृत नाव असले तरी ग्रँट रोड स्थानकाबाहेर कोणीही ते विचारत नाही. रेग्युलेटर, ४००० मालिकेतील आयसी, ऑप-अँप, स्विच, सॉकेट हे सर्व तेथे मिळते. मात्र तेथे खरेदी करताना नवीन छापाचा जुना किंवा डुप्लिकेट आयसी हाती पडण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. काका प्रत्येक आयसीची छपाई ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून पाहतात आणि पाटीवर लावण्यापूर्वी तो आपल्या चाचणीच्या छोट्या सर्किटमध्ये चालवून घेतात. बदललेला भाग दोषी आहे की नवाच भाग दोषी आला आहे, या गोंधळात दिवस घालवलेल्या कोणालाही या सवयीची किंमत कळेल.

मी गेलो तेव्हा टेबलावर दुसऱ्या कोणाचा तरी कॉर्ग पॉलिसिक्स उघडलेला होता. १९८१ सालच्या या वाद्यात निकेल-कॅडमियमची पुनर्भारित होणारी बॅटरी असते, आणि ती फुटली की तिच्यातला अल्कलीयुक्त द्राव केएलएम-३६७ ही मुख्य पाटी खाऊन टाकतो. काका तेथे आधी पातळ व्हिनेगरने अल्कली मारत होते, मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि त्यानंतर एकेक ट्रॅक मल्टीमीटरने तपासत होते. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत हा गंज लवकर पसरतो. ज्यांच्या घरी पॉलिसिक्स वर्षानुवर्षे पेटीत बंद आहे, त्यांनी वाद्य वाजत नसेल तरीसुद्धा ती बॅटरी आजच काढून घ्यावी. चित्रपटसंगीतातले वादक केर्सी लॉर्ड यांच्या मिनीमूग सिंथेसायझरपासून आणि १९८२ साली वादक चरणजित सिंग यांनी वापरलेल्या रोलँडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ व टीआर-८०८ या यंत्रांपासून या शहराचा सिंथेसायझरशी जुना संबंध आहे, आणि त्या पिढीतली कित्येक यंत्रे अजून येथल्या माळ्यांवर व पलंगांखाली पडून आहेत. ती केवळ एका गळक्या सेलपायी जाऊ नयेत असे मनापासून वाटते.

आता उणिवा. काम मंद गतीने चालते आणि तारीख दिली जात नाही. फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही. चाळीला लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे, त्यामुळे ६१ पट्ट्यांचे वाद्य वर नेण्यासाठी सोबत कोणीतरी हवेच. विद्युत भागाच्या मानाने यांत्रिक भागाकडे लक्ष कमी दिले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. पट्ट्यांखालचे रबरी संपर्क साफ झाले, पण दोन पांढऱ्या पट्ट्या अजूनही शेजारच्यांपेक्षा किंचित खाली बसतात, आणि फिल्टरचा स्लायडर मधेच अडखळतो. सांगितल्यावर काकांनी तो परत पाहून देण्याचे कबूल केले आहे. तरी हे पहिल्याच खेपेला व्हायला हवे होते. ज्या वाद्यांचे काम कंपनीच्या खास डिजिटल चिपांवर चालते, उदाहरणार्थ यामाहा डीएक्स-७, त्यांत ती चिपच गेली असेल तर ते काम घेत नाहीत. हे ते आधीच सांगतात, ही जमेची बाजू.

दराविषयी : निदानाचे २,००० रुपये आगाऊ द्यावे लागतात आणि दुरुस्ती करून घेतल्यास ते मजुरीतून वळते होतात. मजुरी कामाच्या आधी ठरते, सुट्या भागांची पावती जोडून त्यांचे पैसे वेगळे घेतले जातात, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत मिळतो. बिलासोबत दोन पानांचा हाताने लिहिलेला मराठी अहवाल मिळाला, त्यात तिन्ही पुरवठ्यांची मोजमापे, सहा व्हॉइसचे दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे रकाने, आणि तुटलेल्या ट्रॅकचे पेन्सिलने काढलेले चित्र आहे. बसवलेल्या भागांची हमी सहा महिन्यांची. जुन्या चार चिपांची हमी नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे.

जाणाऱ्यांनी जाण्यापूर्वी दोष केव्हा होतो ते लिहून न्यावे. वाद्य थंड असताना होतो की तापल्यावर, पावसाळ्यात वाढतो का, एकाच पट्टीवर होतो की फिरत राहतो, कोरस बंद केल्यावर जातो का, एवढे सांगता आले तरी निदानाचा बराच वेळ वाचतो. वाद्य घरी उघडू नये, आतला सेल काढू नये, आणि आधी कोणी काम केले असेल तर त्याचे बिल सोबत न्यावे. काका ते सर्वांत आधी मागतात.